बोलायचा परवाना

व्यापार करार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आंब्याच्या पेट्या, कापडाचे तागे, औषधं, यंत्रं असलं काहीतरी यायचं. त्यात आपणही कुठेतरी असू असं कधी वाटलं नव्हतं. चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात टूरवाल्यांसाठी माहिती द्यायचा कार्यक्रम होता. तिथे पडद्यावर एक ओळ आली आणि शेजारी बसलेल्या माझ्या भागीदार मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं. मी आदल्याच दिवशी एक ग्रुप घेऊन परत आले होते आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते.

"अगं, वाच," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल आहे."

कायद्याची भाषा सोडून सांगते. एका देशाशी झालेल्या नव्या व्यापार करारानुसार आपल्याकडच्या प्रवासी कंपन्यांना त्या देशात आपला गाइड नेता येणार होता, आणि तो आपल्या माणसांना आपल्या भाषेत माहिती सांगू शकणार होता. फक्त त्याने तिथली परीक्षा दिलेली हवी. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला वाईट वागवलं असं कोणी समजायला नको.

मैत्रिणीने हात वर केला. "आपली भाषा म्हणजे कुठली? मराठी चालेल का?"

व्यासपीठावरच्या अधिकाऱ्याने हातातली पुस्तिका चाळली. "भारताची भाषा, एवढंच लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हिंदी नक्की."

"आणि मराठी?"

"लेखी विचारा. लेखी उत्तर येईल."

आम्ही लेखी विचारलं. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की मराठी चालेल.

हे एवढं मोठं का वाटलं ते सांगायला हवं. बावीस वर्षं मी टूर मॅनेजर आहे. आमची कंपनी म्हणजे हिंदमात्याला साड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली लग्नाचा बस्ता बांधून झाला की माणसं पिशव्या सांभाळत वर येतात आणि "आई-बाबांना कुठेतरी पाठवायचंय" म्हणतात. त्यामुळे आमचे प्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे. दादर, गिरगाव, परळ, लालबाग. त्यांच्या बॅगा मोजायच्या, गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवायच्या, नाश्त्याला साखर घातलेलं दही आलं की समजूत काढायची, हे माझं काम. त्या देशात मात्र एक अट होती. जुन्या, सरकारने राखलेल्या जागी ग्रुपला माहिती सांगायची तर तिथला परवाना असलेला गाइडच हवा. टूर मॅनेजरने पाणी द्यावं, स्वच्छतागृह दाखवावं, पण भिंतीकडे बोट दाखवून "ही अमक्या राजाने बांधली" असं म्हणू नये.

पहिल्याच वर्षी मी पकडले गेले. गिरगावच्या एका आजोबांनी शिलालेखावर काय लिहिलंय ते विचारलं आणि मी सांगितलं. निळ्या गणवेशातला पहारेकरी आला, त्याने कार्ड मागितलं, आणि मला पासपोर्टसकट दोन तास एका बाकावर बसवून ठेवलं. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना वाटलं, मी काहीतरी उचललं.

पुढच्या वर्षी आम्ही तिथली एक गाइड ठरवली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, आखूड पांढरे केस, गुडघ्याला पट्टा. आमचे लोक तिला गाइडबाई म्हणायचे. ती इंग्रजीत एक वाक्य बोलायची, मी त्याची मराठीत दहा करायची. पहारेकरी जवळ आला की ती हात वर करून म्हणायची, "ही फक्त माझं भाषांतर करतेय."

"एवढं लांब?" एकाने विचारलं.

"त्यांची भाषा लांब आहे," ती शांतपणे म्हणाली.

अशी अकरा वर्षं गेली. तिला मराठीतले पाच-सहा शब्द येऊ लागले होते. "चला", "हळू", "पाणी प्या", आणि का कोण जाणे, "अरे देवा".

परीक्षा द्यायचं ठरलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. परीक्षेच्या आधी कागद. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नाच्या दाखल्यावर आडनावात एक अक्षर जास्त. प्रतिज्ञापत्र, साक्षांकन, पोलिसांचा दाखला, पुन्हा साक्षांकन. सहा महिने मी मीच आहे हे सिद्ध करत फिरत होते. एका खिडकीवरच्या बाईने विचारलं, "मॅडम, यातल्या नक्की कोण तुम्ही?" मी म्हटलं, "तुम्हाला सोयीची असेल ती."

घरी, करी रोडला, नवऱ्याने अभ्यासाची जबाबदारी घेतली. तो माझगावला जहाजदुरुस्तीत होता. पाठीच्या दुखण्यामुळे लवकर बाहेर पडला आणि तेव्हापासून स्वयंपाक त्याच्याकडे आहे. बांगड्यांना मीठ-हळद चोळता चोळता तो ओट्यावर ठेवलेल्या कागदातून मला प्रश्न विचारायचा.

"बोल गो. किल्ल्याक दरवाजे किती?"

"सात."

"नि बुजवलेले?"

"दोन."

"मगे पाचच सांग. जाऊक येत नाय तेका दरवाजो कित्याक म्हणूचो?"

त्याला हसू यायचं, मला रडू. दिवसभर ऑफिस, मधे एखादी टूर, आणि मग राजांच्या सनावळ्या. एक राजा डोक्यात शिरला की दुसरा बाहेर पडायचा.

शेवटी मी गाइडबाईला ईमेल केलं. कुठली पुस्तकं वाचू, एवढंच विचारलं होतं. तिचं उत्तर आलं, "पुस्तकं चुकीची आहेत. गुरुवारी तुमच्या दुपारी तीन वाजता फोन उघड."

सात महिने दर गुरुवारी तीन वाजता ती मला फोनच्या पडद्यावर शिकवत होती. तिच्या मागे खिडकी, खिडकीत एक कुंडी. कधी चिडायची, कधी एखाद्या राणीची भानगड सांगताना खो खो हसायची. मी पास झाले तर आमच्या कंपनीला तिची गरज उरणार नाही हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. सात महिन्यांत तो विषय ना तिने काढला, ना मी. दर गुरुवारी फोन बंद केल्यावर मी थोडा वेळ तशीच बसून राहायची. मग नवरा विचारायचा, "झाला?" मी "झालं" म्हणायची.

परीक्षा तिथे जाऊन दिली. लेखी झाली, मग तोंडी. समोर तिघं. एकाने विचारलं, "पायऱ्यांवर कोणाला भोवळ आली तर काय कराल?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. अमुक नंबरला फोन, आजारी माणसाला हलवायचं नाही, बाकीचा ग्रुप दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवायचा.

"दुसरी जबाबदार व्यक्ती कोण?"

"माझी सहकारी," मी म्हटलं. माझ्या मनात गाइडबाईच होती. त्याने बरोबरची खूण केली.

कार्ड आलं. माझा फोटो, दोन भाषांत माझं नाव, आणि खाली तिथल्या लिपीत "मराठी". मैत्रिणीने पेढे आणले, खालच्या साडीवाल्यांनाही वाटले. पेढे संपल्यावर म्हणाली, "पुढच्या बॅचपासून त्या बाईंना कळवून टाक."

"काय कळवू?"

"हेच, की आता तूच आहेस."

"निदान किल्ल्याच्या दिवशी तरी ठेवू या की तिला. पायऱ्या आहेत तिथे."

"अगं, मग तू परीक्षा दिलीस कशाला?" ती चिडली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "मोठ्या कंपन्या आत्ताच स्वतःचे गाइड नेतायत. आपण दोघी काय करायचं? टिकायचं की नाही?"

तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ती दादरची, वकिलांच्या घरातली, सरळ विचार करणारी. खोलीचं भाडं, कर्मचारी, सगळं तीच बघते. मी फक्त बॅगा मोजते आणि बोलते.

फोन करायचं धाडस झालं नाही. ईमेल लिहिलं. चार वेळा लिहून खोडलं आणि पाचव्यांदा जे पाठवलं ते सगळ्यात वाईट होतं, सरकारी पत्रासारखं. तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. "समजलं. उत्तरेचा जिना घेऊ नकोस, तिथला कठडा सुटलाय. अभिनंदन."

एप्रिलमधल्या बॅचला सव्वीस जण होते. मला वाटलं होतं, आता मोकळं बोलता येईल. अकरा वर्षं मी हळू आवाजात, खांद्यावरून मागे बघत बोलले होते. पहिल्या दिवशी गेटवर कार्ड दाखवलं. पहारेकऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि आत सोडलं. बाजूला तिथले दोन गाइड उभे होते. त्यांतला एक मला चांगला ओळखायचा. मी हात केला, तर तो वळून भिंतीकडे बघत उभा राहिला.

आणि मी बोलायला लागले, मोठ्याने, मराठीत. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की आता मधे थांबायला जागाच नाही. आधी ती बोलायची तेव्हा मी पाणी प्यायची, डोकी मोजायची, कोण मागे राहिलं, कोण धापा टाकतंय ते बघायची. आता मी बोलत होते आणि बघणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी घसा बसला.

गिरगावचे एक निवृत्त शिक्षक आमच्याबरोबर पूर्वीही येऊन गेले होते. बसमध्ये त्यांनी विचारलं, "त्या गाइडबाई दिसत नाहीत या वेळी?"

"आता मलाच परवाना मिळालाय, सर."

"हो का? छान, छान," ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "पण त्या होत्या तेव्हा बरं वाटायचं."

तिसरा दिवस किल्ल्याचा. सकाळचे अकरा वाजले होते. मी तिसऱ्या दरवाज्याबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागे गलका झाला. परळच्या एका हॉस्पिटलात सारी नोकरी केलेल्या नर्सबाई पायरीवर कलंडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी धावले.

"मला काही झालेलं नाही," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "फक्त बीपी बघा कोणीतरी."

मी आणीबाणीचा नंबर फिरवला. पलीकडचा माणूस तिथल्या भाषेत बोलायला लागला. माझं इंग्रजी त्याला कळेना, त्याचं बोलणं मला. कसंबसं किल्ल्याचं नाव सांगितलं. वरच्या पायऱ्यांवर पंचवीस म्हातारी माणसं उन्हात उभी. कोणी खाली येतंय, कोणी वर चाललंय, एक काका तर चित्र काढायला लांब तटावर गेलेले. नियमाप्रमाणे परवानावाल्या माणसाने ग्रुप सोडायचा नाही. आणि नर्सबाईंनी माझा हात असा धरला होता की सुटेना.

मी गाइडबाईला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. बसलेल्या घशातून "किल्ला", "बाई पडली" आणि "ये" एवढं बहुतेक बाहेर पडलं असावं. ती म्हणाली, "आधी रुग्णवाहिकेला मी फोन करते. तू तिला सावलीत ने."

अर्ध्या तासात ती आली. रुग्णवाहिका तिच्या दहा मिनिटं आधी पोचली होती, ती तिच्याच फोनमुळे. गाइडबाईच्या पायात घरातल्या सपाता, केस ओले, गुडघ्याला पट्टा नाही. एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत आली. आल्या आल्या तिने रुग्णवाहिकेच्या माणसांना काहीतरी सांगितलं, मग माझ्याकडे वळली.

"तू हिच्याबरोबर जा. हिला हिची भाषा बोलणारं कोणीतरी हवं. यांना मी बघते."

"पण यांतल्या कितीतरी जणांना इंग्रजी—"

"जा."

रुग्णवाहिकेचं दार लागता लागता मला तिचा आवाज ऐकू आला, "चला, चला. हळू. पाणी प्या." आणि सगळे तिच्यामागून निघाले. गिरगावचे सर तिच्या शेजारी होते आणि तिचं वाक्य संपलं की ते मराठीत सांगत होते, हे मला नंतर कळलं. तटावरच्या काकांनाही त्यांनीच शोधून आणलं.

हॉस्पिटलात सलाईन लावलं. जरा तरतरी आल्यावर नर्सबाईंनी सगळ्यात आधी सुईवरची चिकटपट्टी तपासली. "तिरकी लावलीय," म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "रागावू नका हं. दोन दिवस मी पाणीच पीत नव्हते. बस कुठे थांबेल, बाथरूम कुठे असेल, भरवसा नसतो ना. तुम्ही सारख्या बोलत होतात, मधेच विचारायचं कसं?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांना पाणी पाजलेली बाई मला हे सांगत होती. मी काय रागावणार? त्यांचा हात हातात घेऊन बसले आणि बसल्या बसल्या मलाच झोप लागली. जाग आली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या.

दुपारी त्यांना सोडलं. साडेपाचच्या सुमारास गाइडबाई ग्रुपला घेऊन हॉटेलवर आली. सगळे चहाला गेले. आम्ही दोघी खालच्या सोफ्यावर बसलो. तिने पाय समोरच्या टेबलावर लांब केले. गुडघा सुजला होता. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. माझ्या मनात ती कायम "तू" होती, थोरल्या बहिणीसारखी.

"रागावलीयेस माझ्यावर?" मी विचारलं.

"हो."

"मग आलीस का?"

"तू फोन केलास म्हणून."

"आणि शिकवलंस का?"

"परीक्षा तू तशीही दिली असतीस. वाईट शिकून दिली असतीस, एवढंच." मग सपातेकडे बघत म्हणाली, "तुमच्या सरकारने आणि आमच्या सरकारने सह्या करताना मला विचारलं नाही. तुलाही विचारलं नसणार. त्यांचा मला राग नाही, ते मला ओळखत नाहीत. पण तू विचारायला हवं होतंस."

सांगण्यासारखं खूप होतं. मैत्रीण, ऑफिस, मोठ्या कंपन्या, एक्कावन्नाव्या वर्षी पाठ केलेले राजे. पण त्यातलं काहीही त्या वाक्याला उत्तर नव्हतं. मी "चुकलं माझं" म्हटलं, मराठीतच. तिने अर्थ विचारला नाही.

मुंबईला आल्यावर मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "किल्ल्याच्या दिवशी ती असेल. नाहीतर त्या देशाची बॅच दुसऱ्या कोणाला दे."

तिने बराच वेळ पेन हातात फिरवलं. खाली कोणीतरी पैठणीच्या रंगावरून वाद घालत होतं.

"नर्सबाई आता बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा येणार म्हणतायत."

"मग ठेव. एक दिवस."

तो एक दिवस तीन मोसम चालला. आधीसारखं मात्र झालं नाही. ती वेळेवर यायची, नीट काम करायची, चहालाही थांबायची, पण माझ्या चुका सुधारणं तिने सोडून दिलं. मी एखादी सनावळी चुकले तरी ती दुसरीकडे बघायची. पहारेकऱ्याने बाकावर बसवलं होतं त्यापेक्षा मला ते जास्त लागायचं. चौथ्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिने काम थांबवलं. आता ती समुद्राकाठी बहिणीकडे राहते. नववर्षाला संदेश पाठवते, मी दिवाळीला पाठवते. दोघींचे संदेश लहान होत चालले आहेत.

ज्या ओळीबद्दल मैत्रिणीने चर्चगेटच्या हॉटेलात हात वर करून विचारलं, ती आता सगळ्यांना माहीत आहे. मराठीचा परवाना असलेली आणखी चार-पाच मुलंमुली आहेत, माझ्यापेक्षा चुणचुणीत. अभ्यासासाठी ती मला फोन करतात. मी त्यांना उत्तरेच्या जिन्याबद्दल सांगते, आणि हेही सांगते की दर वीस मिनिटांनी बोलणं थांबवा आणि सगळ्यांची तोंडं बघा. ती "हो मॅडम" म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, त्यामुळे लिहून घेत नसावीत.

तिथल्या स्थानिक गाइडला आम्ही आता किल्ल्याच्या दिवशी बोलावतोच. दर वेळी वेगळा माणूस असतो. मी आधी त्याच्याशी बसून चहा पिते, कोण कुठे बोलेल ते विचारून घेते. काही जण मोकळे होतात, काही नाही. एकाने सरळ सांगितलं, "तुम्ही बोला, मला त्याचे पैसे मिळणारच आहेत." त्या दिवशी मी अगदी थोडंच बोलले.

परवा ऑफिसमध्ये मैत्रीण म्हणाली, "तू दमलीस का गं?" आम्ही कॉलेजपासून एकत्र आहोत आणि तिने हे पहिल्यांदाच विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मीही." मग फोन वाजला आणि तिने उचलला.

गुरुवारी एकोणीस जणांची बॅच निघतेय. पायऱ्या चढवत नाहीत असं चौघांनी फॉर्मवर लिहिलंय. आणखी निदान पाच जणांनी लिहिलेलं नाही, पण फोनवर त्यांच्या श्वासावरून मला कळलं. त्यांना बसमध्ये पुढच्या सीट दिल्यात. नवऱ्याने माझी बॅग कपाटावरून खाली काढून ठेवलीय. सकाळपासून ती उघडीच आहे आणि मी अजून त्यात काही भरलेलं नाही.